गळा शाबूत ठेवून ग्रोल: मेटल गायकाचा आवाज आणि मंचावरचा वावर

मेटल बँडमध्ये नव्याने गाऊ लागलेल्या बऱ्याच मुलामुलींची अशी समजूत असते की ग्रोल (मेटल संगीतातला खोल, गुरगुरता आवाज) म्हणजे जिवाच्या आकांताने ओरडणे, आणि गळा जितका दुखेल तितका आवाज अस्सल. या समजुतीपायी जॅमरूममधल्या, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीतल्या, पहिल्या काही आठवड्यांतच घसा बसतो. मग एक तर गाणे सुटते किंवा बसलेल्या घशालाच आपली शैली मानले जाते. कॅनिबल कॉर्प्स या बँडचे जॉर्ज फिशर 1995 पासून तिथे गात आहेत आणि अँजेला गॉसो यांनी 2000 ते 2014 अशी चौदा वर्षे आर्च एनेमी या बँडसाठी जगभर गायन केले. गळा ओरबाडून इतकी वर्षे आवाज टिकत नाही. श्रोत्याला ऐकू येणारी ती सगळी हिंस्रता धडातून येणाऱ्या हवेची, स्वरतंतूंच्या वरच्या ऊतींच्या थरथरीची आणि माइकची असते. खुद्द स्वरतंतूंवर शक्य तितका कमी भार टाकणे हेच या गायकीचे मर्म आहे.

आवाजाचे तंत्र आणि मंचावरचा वावर हे दोन वेगळे विषय मानून शिकवण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. दोन्ही श्वासावर उभे आहेत. खरखर कशी आणायची हे श्वास ठरवतो. उडी कधी मारायची, मान कधी हलवायची आणि माइक लोकांकडे कधी वळवायचा हेही श्वासच ठरवतो. त्यामुळे पुढची मांडणी घरातल्या रियाझापासून सुरू होऊन मंचापर्यंत एकाच धाग्याने जाते, आणि तिच्यातली पायरी शक्यतो गाळू नये.

खरखर नेमकी कुठे तयार होते

स्वरयंत्रात स्वरतंतूंची एक जोडी असते. साध्या बोलण्यात पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला सर्वसाधारणपणे 100 ते 130 वेळा आणि स्त्रियांचे 200 च्या आसपास वेळा एकमेकांना भिडतात. या जोडीच्या थोड्या वर मऊ, जाडसर घड्यांची आणखी एक जोडी असते. त्यांना मिथ्या स्वरतंतू म्हणतात आणि मेटल गाणारे त्यांना ‘फॉल्स कॉर्ड’ म्हणून ओळखतात. एरवी बोलण्यात त्यांचा सहभाग नसतो, पण गिळताना, खोकताना किंवा जड वस्तू उचलण्यासाठी श्वास कोंडताना त्या जवळ येतात. फॉल्स कॉर्ड ग्रोलमध्ये याच घड्या हवेच्या झोताने थरथरतात. मध्य आशियातल्या तुवा प्रांतातील कारगिरा गायनातही त्या थरथरतात, आणि तिथे त्यांचे कंपन खऱ्या स्वरतंतूंच्या निम्म्या वेगाने होत असल्यामुळे कानाला एक सप्तक खालचा स्वर ऐकू येतो. म्हणजे मानवी गळ्याला हा प्रकार नवा नाही. 1980 च्या दशकात फ्लोरिडातल्या डेथ मेटल या उपप्रकारातल्या बँडनी या जातीच्या आवाजाला विजेच्या गिटारची सोबत दिली.

दुसरा मुख्य प्रकार ‘फ्राय’ स्क्रीमचा. सकाळी झोपेतून उठल्यावर पहिल्या वाक्याला जो तुटक, करकरता आवाज येतो, तो म्हणजे फ्राय. स्वरतंतू सैल असतात, हवा फार थोडी लागते आणि कंपने एकेक मोजता येतील इतकी सावकाश होतात. या करकरीला आधाराची हवा आणि तोंडाच्या पोकळीतली धार मिळाली की ब्लॅक मेटल या उपप्रकारातली किंचाळी किंवा मेटलकोअर या उपप्रकारातली स्क्रीम उभी राहते. लोर्ना शोर या बँडचे विल रामोस यांनी गाताना आपल्या स्वरयंत्राचे दुर्बिणीतून चित्रण करवून घेतले असून ते सर्वांना पाहण्यासाठी खुले आहे. नवशिक्याने ते एकदा अवश्य पाहावे. स्वरतंतूंच्या वरच्या भागात किती हालचाल होते हे डोळ्यांनी पाहिल्यावर ‘गळ्यातून जोर लाव’ हा सल्ला आपोआप मागे पडतो.

दमसास

पहिले दोन आठवडे खरखरीच्या वाटेला जाऊच नये. या काळात फक्त उभे राहणे आणि श्वास सोडणे शिकावे. पावले खांद्यांइतक्या अंतरावर, गुडघे किंचित सैल, हनुवटी जमिनीला समांतर आणि जबडा मोकळा, अशा स्थितीत एक हात पोटावर आणि दुसरा शेवटच्या बरगड्यांवर ठेवावा. श्वास घेताना खांदे वर जात असतील तर तो श्वास उथळ आहे. बरगड्या दोन्ही बाजूंना आणि थोड्या पाठीकडे पसरल्या पाहिजेत. मग दातांमधून ‘स्स’ असा एकसारखा आवाज करत हवा सोडावी, आणि हे करताना बरगड्या शक्य तितका वेळ पसरलेल्याच ठेवाव्यात. हिंदुस्थानी गायकीत ज्याला दमसास म्हणतात तो हाच. सुरुवातीला 15 सेकंद जमले तरी पुरे. 30 सेकंदांपर्यंत ‘स्स’ची धार न थरथरता टिकली की पुढे जावे.

यानंतर हाच झोत तुकड्यांत सोडायचा असतो: ‘स्स, स्स, स्स’, दर ठोक्याला एक, आधी 90 बीट्स प्रतिमिनिट वेगाने आणि मग हळूहळू 140 पर्यंत. प्रत्येक तुकड्यावर बेंबीच्या वरचा भाग आतून बाहेर ढकलला गेल्यासारखा वाटला पाहिजे आणि गळ्यात काहीही जाणवू नये. ग्रोलचा ठोसा नेमका इथून येतो. ज्यांनी शास्त्रीय गायनाची तालीम घेतली आहे त्यांना ही पायरी लवकर साधते, मात्र त्यांनी आपला खर्जाचा रियाझ चालू ठेवावा. स्वच्छ आवाजातला रियाझ हा स्वरतंतूंचा व्यायाम आहे आणि ग्रोल शिकल्याने त्याची गरज संपत नाही.

रोजच्या सरावाची सुरुवात साधी स्ट्रॉ तोंडात धरून करावी. ओठ स्ट्रॉभोवती बंद ठेवून, नाकातून हवा जाऊ न देता, त्या नळीतून ‘ऊ’ हा स्वर खालून वर आणि वरून खाली सरकवावा. नळीमुळे तोंडात जो उलटा दाब तयार होतो, त्याने स्वरतंतू एकमेकांवर कमी जोराने आदळतात आणि कमी श्रमात कंप पावतात. पाच मिनिटे हे आणि पाच मिनिटे ओठ फुरफुरवत स्वर लावणे, एवढी तयारी झाल्याशिवाय खरखरीचा एकही आवाज काढू नये.

पहिला ग्रोल

आरशासमोर उभे राहून थंड काचेवर वाफ सोडावी तसा लांब, ऊबदार ‘हाऽऽ’ सोडावा, आवाजाशिवाय, नुसत्या हवेचा. गळा या क्षणी जितका उघडा असतो तितकाच तो शेवटपर्यंत राहिला पाहिजे. आता हाच ‘हाऽऽ’ चालू असताना, जड पेटी उचलायच्या आधीच्या क्षणी श्वास अडतो तशी हलकी पकड स्वरयंत्राच्या वरच्या भागात आणावी. पूर्ण अडवू नये, हवा वाहत राहू द्यावी. बऱ्याच जणांना इथे पहिल्यांदा एक खोल, ओलसर, गुरगुरता आवाज ऐकू येतो आणि तो इतका हळू असतो की हाच का तो ग्रोल, असा प्रश्न पडतो. हाच तो ग्रोल. त्याला मोठा करण्याची घाई करू नये, कारण आवाजाची पातळी पुढे हवा आणि माइक वाढवणारच आहेत. घरात, दार लावून, शेजारच्या खोलीत कुणाला त्रास होणार नाही इतक्या पातळीवर हा आवाज एकसारखा काढता येणे, हे तंत्र जमल्याचे लक्षण आहे. ज्याला ग्रोल फक्त पूर्ण ताकदीनेच काढता येतो, तो गळ्याने ढकलतो आहे असे खुशाल समजावे.

सराव छोट्या तुकड्यांत करावा. दोन-तीन सेकंदांचे ग्रोल, मध्ये तेवढीच विश्रांती, एकूण 10 मिनिटे, मग पाण्याचे घोट आणि पुन्हा स्वच्छ आवाजात एखादी ओळ. ती स्वच्छ ओळ ही रोजची परीक्षा आहे. सरावाआधी जो वरचा स्वर हलकेच लागत होता तो सरावानंतरही तसाच लागला, तर त्या दिवशीचा सराव बरोबर झाला. तो फाटू लागला, बोलताना आवाज घोगरा झाला किंवा गिळताना खरचटल्यासारखे वाटले, तर तिथेच थांबावे आणि दुसऱ्या दिवशी हवा कमी करून, पकड सैल करून पुन्हा यावे. पोटाचे आणि पाठीचे स्नायू थकणे चालते. कंठाच्या पुढच्या भागात टोचणे किंवा जळजळणे मात्र एकदाही चालवून घेऊ नये. सहनशक्ती वाढली की हे दुखणे थांबेल, असे सांगणारे भेटतात. ते खरे नाही.

फ्रायकडे जाणारी वाट वेगळी आहे. आरामात बसून, बोलण्याच्या पट्टीत, सकाळचा तो करकरता ‘अऽऽ’ लावावा. करकर तुटू न देता स्वर हळूहळू वर सरकवावा आणि त्याच वेळी नाकाच्या मागे, कडव्या औषधाने तोंड वाकडे झाल्यासारखी धार आणावी. हवा इथे ग्रोलपेक्षा खूप कमी लागते. जास्त हवा सोडली की स्वरतंतू फुंकले जाऊन करकर विरते किंवा ते ताणाने घट्ट आवळले जातात आणि इजा होते. ज्यांचा आवाज मुळात उंच आणि बारीक आहे त्यांना फ्राय लवकर साधतो, जाड आवाजाच्या गायकांना फॉल्स कॉर्ड, असा साधारण अनुभव आहे. पण दोन्ही थोडे थोडे करून पाहावे आणि जे कमी श्रमात जमते त्यालाच पहिले वर्ष द्यावे. पिग स्क्वील, टनेल थ्रोट वगैरे चमत्कृतीचे प्रकार त्यानंतरचे. त्यांचा पाया हाच असल्यामुळे त्यांवर इथे वेगळे लिहिण्याची गरज नाही.

तोंडाचा आकार आणि मराठी शब्द

एकदा खरखर हातात आली की तिचा उंच-सखलपणा मुख्यतः तोंडाची पोकळी ठरवते. जिभेचा मागचा भाग खाली-मागे, ओठ ‘ओ’सारखे गोल आणि स्वरयंत्र जांभई देताना उतरते तसे खाली, असे केल्यास आवाज मंद्रात जातो. जिभेचा मध्यभाग वर, ओठ बाजूंना ताणलेले आणि ‘ए’ किंवा ‘ॲ’चा आकार धरल्यास तोच आवाज वर धारदार होतो. दोन्ही टोकांमधला प्रवास एका श्वासात, खालून वर आणि परत खाली, असा रोज पाच-सहा वेळा करावा.

मराठीत गाणाऱ्यांसाठी इथे एक मोठी सोय आहे, आणि तिच्याकडे फार कमी जणांचे लक्ष जाते. ख, घ, ठ, ध, भ ही महाप्राण व्यंजने स्वतःच हवेचा झोत घेऊन येतात. ‘राखेतून उठे धग, पेटे काळोखाचे रान’ अशी एखादी ओळ घ्या. ‘खे’, ‘ठे’ आणि ‘ध’वर पोटाचा झटका आपोआप बसतो आणि ग्रोलला ठोसा मिळतो; ‘पेटे’मधले प आणि ट ओठ व जिभेने हवा अडवून सोडतात, त्यामुळे शब्द गिटारच्या भिंतीतूनही ऐकू येतात. जीभ मागे वळलेली असल्याने ‘ळ’ खालच्या ग्रोलमध्ये सहज बसतो. उलट दीर्घ ‘ई’ मंद्रात टिकत नाही, तो ‘ए’कडे झुकतो, म्हणून खालच्या आवाजात लांबवायचा शब्द ‘ई’वर संपू नये याची काळजी गीत लिहितानाच घ्यावी. महाप्राणांची एकच अडचण म्हणजे ते हवा फार खातात. एका ओळीत असे चार-पाच आले की पुढच्या श्वासाची जागा आधीच राखून ठेवावी लागते.

गाण्याचा कागद

180 बीट्स प्रतिमिनिट वेगाच्या गाण्यात एक ठोका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाइतका असतो, आणि चार-चार ठोक्यांची चार आवर्तने पाच सेकंदांहून किंचित जास्त टिकतात. अर्ध्या ठोक्यात घेतलेला श्वास पोटापर्यंत पोचत नाही. उपयोगी श्वासाला निदान एक पूर्ण ठोका द्यावा लागतो. हा हिशोब मंचावर सुचत नाही, म्हणून तो कागदावर करून ठेवावा.

प्रत्येक गाणे मोठ्या अक्षरांत, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून छापून घ्यावे. जिथे पूर्ण श्वास घ्यायचा तिथे लाल उभी रेघ, जिथे नाकातोंडातून चोरटा श्वास शक्य आहे तिथे लाल टिंब. ज्या अक्षरावर ठोसा आहे ते अधोरेखित करावे. वरच्या ओळीत ‘धग’नंतर लाल रेघ येईल, आणि ‘रान’ लांबवायचे असेल तर ‘पेटे’च्या आधी घेतलेला श्वास तिथवर पुरतो का हे मेट्रोनोम (ठोके मोजून देणारे यंत्र) लावून तपासावे लागेल. पुरत नसेल तर ‘काळोखाचे’ हा शब्द गिटारवादकाने गायचा, किंवा ओळच बदलायची. मुंबईच्या भयानक मौत या बँडमध्ये बरीच वर्षे दोन गायक एकत्र गात होते. दोन आवाजांच्या रंगांखेरीज एकाने ओळ संपवताना दुसऱ्याला श्वास मिळतो, हा अशा रचनेचा सरळ फायदा असतो. एकच गायक असलेल्या बँडनेही बॅकिंगच्या ओळी याच हिशोबाने वाटून घ्याव्यात.

आता हिरवा पेन घ्यावा आणि त्याच कागदावर शरीराच्या हालचाली खुणावाव्यात. हेडबँग, म्हणजे तालावर जोरात मान हलवणे, फक्त वाद्यांच्या आवर्तनांत. मान हलत असताना स्वरयंत्र स्थिर राहत नाही आणि माइकही ओठांपासून सरकतो, म्हणून गाताना धडापासून पुढे झुकणे आणि गुडघ्यांनी ताल धरणे एवढेच ठेवावे. उडी शब्द संपल्यावर मारावी आणि खाली येताना श्वास घ्यावा. मंचाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावणे मोठ्या वाद्यखंडातच करावे आणि पुढच्या ओळीच्या निदान चार ठोके आधी पावले रोवलेली असावीत. लाल आणि हिरव्या खुणा एकमेकांवर येतील तिथे हिरवी खोडावी, लाल कधीही खोडू नये. जॉर्ज फिशर यांचा मान गरागरा फिरवण्याचा प्रकार प्रसिद्ध आहे. त्यांचे प्रत्यक्ष कार्यक्रमांचे चित्रण पाहताना ते मान केव्हा फिरवतात आणि केव्हा पाय फाकवून रोवून उभे असतात, याच्या नोंदी कराव्यात. तो अभ्यास फार उपयोगी पडतो.

मानेबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे मांडले होते की 146 बीट्स प्रतिमिनिट या सरासरी वेगाला मान 75 अंशांपेक्षा जास्त कोनातून हलवली तर डोक्याला सौम्य इजा संभवते. स्लेअर या बँडचे गायक टॉम अराया यांच्यावर 2010 मध्ये मानेची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांना हेडबँगिंग सोडावे लागले. तेव्हा वेगवान भागात दर ठोक्याऐवजी एकाआड एक ठोक्यावर मान हलवावी, हालचाल कमरेतून सुरू करावी आणि मंचावर जाण्याआधी मान व खांदे गरम करून घ्यावेत.

जॅमरूम

गायकांचे आवाज मंचापेक्षा जॅमरूममध्ये जास्त बिघडतात. छोटी खोली, उघडा ड्रमसेट, दोन अँप्लिफायर आणि कोपऱ्यातला एकुलता एक स्पीकर, अशा ठिकाणी गायकाला स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एतियेन लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गोष्ट नोंदवली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. ही प्रतिक्रिया इच्छाशक्तीने रोखता येत नाही, तिच्यासाठी खोलीची मांडणी बदलावी लागते. गिटारचे अँप गुडघ्यांकडे तोंड करून जमिनीवर ठेवलेले असतील तर ते खुर्चीवर, वादकांच्या कानांच्या रेषेत आणावेत, म्हणजे ते स्वतःहून आवाज कमी करतात. गायकाचा स्पीकर त्याच्या समोर, छातीच्या उंचीवर असावा. हे शक्य नसेल तर कानात प्लग घालावेत. प्लगमुळे स्वतःचा आवाज हाडांमधून जास्त स्पष्ट ऐकू येतो आणि कानही वाचतात. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या मानकानुसार 85 डेसिबलला 8 तास ही मर्यादा आहे आणि दर 3 डेसिबलला ती निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटे. बंद खोलीतला ड्रमसेट ही पातळी सहज ओलांडतो.

आठवड्यात दोन जॅम असतील तर त्यांतल्या एकाच जॅममध्ये पूर्ण आवाजात गावे. दुसऱ्यात ओळी पुटपुटत, श्वासांच्या जागा आणि हालचाली पक्क्या कराव्यात. बँडमधल्या बाकीच्यांना हे आधी समजावून सांगावे लागते, कारण गायक आळस करतो आहे अशी शंका त्यांना येते.

माइक

मेटलच्या मंचावर बहुतेक वेळा शूर कंपनीचा एसएम58 हातात येतो. 1966 पासून बाजारात असलेला हा माइक समोरून ऐकतो आणि बरोबर मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो. म्हणून मॉनिटर स्पीकर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, गायकाच्या थेट समोर, माइकच्या शेपटीच्या दिशेला ठेवायचा. त्याच कंपनीचा बीटा 58 माइक असेल तर त्याच्या बहिऱ्या जागा मागे, पण दोन्ही बाजूंना कलत्या असतात. तेव्हा दोन मॉनिटर थोडे डावी-उजवीकडे सरकवून मागावेत. एवढे एक वाक्य साउंड इंजिनियरशी नीट बोलता आले तरी अर्धा फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून वाजणारी शिट्टी, टळतो.

माइकची जाळी मुठीत धरणे हा आपल्याकडे सर्रास दिसणारा प्रकार आहे. छायाचित्रात तो रुबाबदार दिसतो, पण जाळीच्या मागचा भाग झाकला गेला की माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो, शिट्टी वाजते, मधल्या पट्टीतले स्वर फुगतात आणि शब्दांचा चिखल होतो. पकड दांड्यावरच, जाळीच्या खाली असावी. ओठ जाळीपासून एक-दोन बोटांच्या अंतरात आणि माइक ओठांच्या सरळ रेषेत ठेवावा. इतक्या जवळ मंद्र स्वर आपोआप भरीव होतात आणि खालच्या ग्रोलला ते हवेच असते. उंच स्क्रीमच्या वेळी माइक थोडा दूर न्यावा, पण कोपर शरीराला टेकलेले ठेवून, म्हणजे अंतर दर वेळी तेवढेच राहते. मॉनिटरमध्ये फक्त स्वतःचा आवाज, ड्रमसेटमधला स्नेअर आणि थोडा किक (पायाने वाजवायचा ड्रम) मागावा. सगळा बँड मागितला की पुन्हा तोच गोंगाट तयार होतो.

आपल्याकडे एका संध्याकाळी पाच-सहा बँड असतात, आणि उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांना 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सर्वसाधारणपणे रात्री 10 ची मर्यादा असल्यामुळे वेळ कायम कमी पडतो. पूर्ण साउंडचेक मिळेलच असे धरून चालू नये. दोन मिनिटांच्या लाइन-चेकमध्ये, म्हणजे माइक-वाद्ये चालू आहेत ना एवढ्याच तपासणीत, ‘हॅलो, वन-टू’ म्हणण्यात वेळ घालवू नये. आपला सर्वांत खालचा ग्रोल, सर्वांत उंच स्क्रीम आणि साधे बोलणे, हे तीनच आवाज सलग द्यावेत. इंजिनियरला पातळ्या लावण्यासाठी तेच लागतात.

मंचावर

सेटचा, म्हणजे आपल्या वाट्याच्या गाण्यांचा, क्रम गायकाच्या दमसासाने ठरवावा. 30 ते 40 मिनिटांच्या सेटमध्ये पहिले गाणे मध्यम पट्टीचे असावे, कारण धडधडत्या छातीने पहिला श्वास उथळच येतो. सर्वांत कष्टाचे गाणे तिसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवून त्याच्यामागे लांब वाद्यखंडाचे गाणे लावावे. पडद्यामागे शेवटचा मिनिटभर कुणाशीही न बोलता नाकाने चार लांब श्वास घ्यावेत आणि पहिल्या ओळीचे पहिले अक्षर मनात धरून बाहेर पडावे.

पहिल्या गाण्यात कुठेही धावू नये. मंचाच्या मध्यावर, पावले रोवून, नजर शेवटच्या रांगेच्या किंचित वर ठेवून उभे राहिलेला गायक इकडून तिकडे फिरणाऱ्यापेक्षा जास्त जागा व्यापतो. दुसऱ्या गाण्यापासून नजर प्रेक्षकांतल्या एकेका चेहऱ्यावर, प्रत्येकी एका ओळीपुरती, स्थिर करावी. डोळे मिटून किंवा जमिनीकडे पाहून गाणे हा लाजेचा परिणाम असतो, आणि तो मागच्या रांगेलाही कळतो. ब्रेकडाउनआधीच्या (वेग उतरून ठोके जड होतात त्या भागाआधीच्या) आवर्तनात हात वर करून थांबणे, सगळा बँड थांबलेला असतानाचा तो एक ठोका पूर्ण शांत ठेवणे, आणि मग पहिल्या अक्षरावर हात खाली आणणे, ही एकच हालचाल नीट बसली तर दहा उड्यांपेक्षा परिणाम मोठा होतो.

गाण्यांमधले बोलणे हा आवाजाचा मोठा शत्रू आहे. ग्रोलच्या थाटात, घोगऱ्या आवाजात ओरडून निवेदन केल्याने चाळीस मिनिटांत मिळणारी सगळी विश्रांती खर्ची पडते. आपल्या रोजच्या आवाजात, माइकजवळ, दोन वाक्ये बोलावीत आणि बाकीचा वेळ पाणी प्यावे. आणि ती वाक्ये मराठीत बोलायला संकोच कशासाठी वाटावा? समोर ठाण्या-पुण्याची, नाशिक-कोल्हापूरची मुले उभी असतात. इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव 1986 साली सुरू झाल्यापासून मुंबईत या संगीताची स्वतःची परंपरा आहे. आपल्या बोलीत बोललेले एक वाक्य जी जवळीक करते ती पाठ केलेल्या इंग्रजी घोषणांनी होत नाही. कोण गिटार ट्यून करणार, किती वेळ लागणार आणि त्या वेळात ड्रमर काय वाजवणार, हेही आधीच ठरलेले असावे. शांततेत ताटकळलेला मंच सगळी हवा काढून घेतो.

सर्कल पिटला, म्हणजे प्रेक्षकांनी गोलात धावत धक्काबुक्की करत नाचण्याला, आवाहन करताना गायकावर जबाबदारी येते. जागा किती आहे, पुढे लोखंडी कठडा आहे का आणि जमीन ओली आहे का, हे मंचावर येण्याआधी पाहून ठेवावे. पिटमध्ये कुणी पडले आणि बाजूचे लोक त्याला उचलताना दिसले नाहीत तर गाणे तिथल्या तिथे थांबवावे. त्यासाठी ड्रमरशी एक खूण ठरलेली असावी, उदाहरणार्थ डोक्यावर दोन्ही हातांची फुली. गाणे पुन्हा सुरू करता येते.

मधेच आवाज दगा देऊ लागला तर ढकलू नये. पट्टी बदलावी, स्क्रीमच्या जागी खालचा ग्रोल घ्यावा, कोरस प्रेक्षकांकडे सोपवून माइक त्यांच्यासमोर धरावा आणि त्या चार आवर्तनांत नाकाने श्वास घ्यावा. प्रेक्षकांना त्यात कमतरता वाटत नाही, उलट सहभागी झाल्याचा आनंद मिळतो.

कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर

पाणी दिवसभर प्यावे लागते, कारण प्यायलेले पाणी स्वरतंतूंवरून वाहत नाही. ते अन्नमार्गाने जाते आणि शरीरातून त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. घसा सुन्न करणाऱ्या गोळ्या मंचाआधी घेऊ नयेत. दुखण्याची सूचना बंद झाली की इजा लक्षातच येत नाही. ॲस्पिरिननेही स्वरतंतूंत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी ती टाळावी. डॉक्टरांनी हृदयविकारासाठी वगैरे लिहून दिली असेल तर त्यांना विचारल्याशिवाय मात्र बंद करू नये. मेटालिकाचे जेम्स हेटफिल्ड यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आवाज बिघडल्यावर गायनशिक्षकाकडे जाऊन तालीम घेतली आणि पुढे मंचापूर्वीचा सराव नेमाने चालू ठेवला. इतक्या मोठ्या गायकाला जे आवश्यक वाटले ते आपण वगळण्याचे कारण नाही.

कार्यक्रम संपल्यावर पाच मिनिटे पुन्हा स्ट्रॉतला ‘ऊ’ आणि मग निदान अर्धा तास मौन. कुजबुजणे हे मौन नव्हे. बऱ्याच जणांच्या स्वरयंत्रावर त्याने ताणच पडतो. मोठ्या आवाजात संगीत चालू असलेल्या ठिकाणी मित्रांशी ओरडून बोलत बसल्याने जे नुकसान होते ते अनेकदा सेटपेक्षाही जास्त असते. मध्यरात्री तिखट, तळलेले खाऊन लगेच आडवे झाल्यास आम्ल वर येऊन स्वरयंत्राला सूज आणते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे.

गाता गाता आवाज एकाएकी, एका क्षणात गेला, तर तो स्वरतंतूतला रक्तस्राव असू शकतो. तिथेच गाणे थांबवून पूर्ण मौन पाळावे आणि दुसऱ्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. साधा घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तरीही दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावे. तपासणीच्या वेळी आपण कोणत्या प्रकारचे गाणे गातो हे न लाजता सांगावे, आणि शक्य असेल तर एक हलका ग्रोल काढून दाखवावा. स्वरतंतूंवर गाठी आल्या असतील तर बहुतेक वेळा आवाजाची विश्रांती आणि व्हॉइस थेरपी यांपासूनच सुरुवात होते, आणि लवकर निदान झालेल्या गायकाला त्या उपचारांनंतर पुन्हा गाता येण्याची शक्यता चांगली असते.